बाळाची वाढ कमी पडली की आईलाच का बोलतात?

ही नऊ तारखेची ओपीडी. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी महिन्याच्या ९ तारखेला असते, त्यामुळे ठाण्यात म्हणा, ऐरोली-घणसोलीत म्हणा, सरकारी दवाखान्यांत या दिवशी गरोदर बायकांची रांग लागते. सिस्टर पोटावर टेप लावतात, खालच्या हाडापासून गर्भपिशवीच्या वरच्या टोकापर्यंत. वीस आठवडे झाले की जितके आठवडे साधारण तितके सेंटीमीटर, एक-दोन इकडेतिकडे चालतं, पण तिसाव्या आठवड्यात टेप २६ वरच थांबला तर लगेच सोनोग्राफी लिहून देतात.

आणि मग घरी सुरू होतं, तू नीट खातच नाहीस, डबा तसाच परत आणतेस, म्हणून बाळ बारीक राहिलं. खाणं महत्त्वाचं आहेच हो, पण दर वेळी कारण ताटात नसतं. मधे कधी ताप येऊन गेला का, अंगावर पुरळ उठलं होतं का, हे घरात कोणी विचारतच नाही.

आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. मधे वार असते, तिचे बारीक बारीक कोंब आईच्या रक्तात बुडालेले असतात, ऑक्सिजन आणि अन्न तिथूनच बाळाकडे जातं. काही व्हायरस या कोंबांनाच सूज आणतात, कोविडमध्येही काही जणींच्या बाबतीत हे दिसलं, मग आईने कितीही खाल्लं तरी बाळापर्यंत कमीच पोचतं. अशा वेळी बाळ जे मिळतंय ते आधी मेंदूकडे वळवतं, म्हणून सोनोग्राफीत डोकं बरोबर येतं आणि पोटाचा घेर कमी भरतो. डॉक्टर डॉपलर करतात ते नाळेतला रक्तप्रवाह बघायला.

रुबेला म्हणजे जर्मन गोवर, त्याचं वेगळं. तो पहिल्या तीन महिन्यांत झाला तर थेट बाळाच्या पेशींवर जातो, बाळ सगळ्याच मापांत लहान राहू शकतं, डोळे, कान, हृदय यांनाही धोका. १९४१ साली ऑस्ट्रेलियात नॉर्मन ग्रेग नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना मोतीबिंदू घेऊनच जन्मलेली बाळं एकामागोमाग दिसायला लागली आणि आयांकडे चौकशी केल्यावर लक्षात आलं की बहुतेकींना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला होऊन गेला होता. याची लस आहे, पण ती दिवस जायच्या आधी घ्यायची, गरोदरपणात देत नाहीत आणि घेतल्यावर निदान एक महिना थांबायचं.

झिका डासांमुळे होतो आणि बाळाच्या मेंदूलाच गाठतो, २०२४ मध्ये पुण्यात गरोदर बायकांनाही झाला होता. हा डास दिवसाही चावतो, तेव्हा पावसाळ्यात दुपारी झोपतानाही मच्छरदाणी लावा.

ताप आलेल्या प्रत्येकीच्या बाळाला काही होतं असं अजिबात नाही, बहुतेक बाळं ठणठणीत जन्मतात. पण ताप अंगावर काढू नका, मेडिकलवरून गोळी आणून गप्प बसू नका, कितव्या महिन्यात ताप आला ते डॉक्टरांना सांगा म्हणजे पुढच्या सोनोग्राफी कधी करायच्या ते ठरवता येतं.

अजून एक व्हायरस, सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस. हा लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून पसरतो, मोठ्यांना बऱ्याचदा कळतही नाही, पण पोटातल्या बाळाची वाढ आणि ऐकू येणं दोन्हीवर परिणाम होऊ शकतो. घरात पहिलं मूल बालवाडीतलं असेल तर त्याचं उष्टं खाऊ नका, पापी ओठांची न घेता कपाळाची घ्या, आणि शी-शू काढली, नाक पुसलं की दर वेळी साबणाने हात धुवा.