पाळणा लांबवण्याची परवानगी

श्रोतेहो,

"मॅडम, लग्नाला आठ महिने झाले, अजून काहीच नाही. जरा तपासून बघा की." माझ्या दवाखान्यात हे वाक्य बहुतेक वेळा सासूबाई बोलतात. सून शेजारच्या स्टुलावर मान खाली घालून बसलेली असते आणि मुलगा बाहेर मोटारसायकलपाशी उभा असतो. काही वर्षांपूर्वी सोलापूरच्या पूर्व भागातल्या अशाच एका सुनेला मी तपासणीच्या निमित्ताने पडद्याआड नेले, तेव्हा तिने पिशवीतून विडीकार्डाचे, म्हणजे विडी कामगार म्हणून मिळालेल्या कार्डाचे, प्लॅस्टिकचे पाकीट काढले. कार्डामागे गर्भनिरोधक गोळ्यांची पट्टी होती, निम्मी संपलेली. घरातली कपाटे, डबे, उशांच्या खोळीसुद्धा कोणी ना कोणी उघडते. विडीकार्डाला मात्र तिच्याशिवाय कोणी हात लावत नाही, म्हणून तिने ती जागा निवडली होती. या गोळ्या तिचा नवराच आणून देत असे. धाकट्या नणंदेचे लग्न उरकेपर्यंत आणि वेगळी खोली भाड्याने मिळेपर्यंत थांबायचे, असे दोघांनी मिळून ठरवले होते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत, पण नवराबायकोचे एकमत असूनही गोळ्या लपवाव्या लागत होत्या, ही गोष्ट जशीच्या तशी आहे.

आपल्याकडे संततिनियमनाला विरोध आहे, असे सरसकट म्हटले जाते. मला ते पटत नाही. दोन मुले झाली, त्यांत एक मुलगा असला, की याच सासूबाई सुनेचा हात धरून मला सांगतात, "आता हिचं ऑपरेशन करून टाका." त्या वेळी त्यांना ना धर्म आडवा येतो ना रीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ या वयातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. ज्या समाजात दर तीन विवाहित स्त्रियांमागे एकीहून अधिक जणींची शस्त्रक्रिया झाली आहे, त्या समाजाला साधनांचे वावडे आहे असे कसे म्हणावे? आक्षेप आहे तो कोणाला न विचारता ठरवण्याला. पहिल्या मुलाआधी साधन वापरणारे जोडपे, दोन मुलांत पाच वर्षांचे अंतर ठेवणारे जोडपे आणि मूलच नको म्हणणारे जोडपे, या तिघांचा गुन्हा एकच असतो: घराने परवानगी देण्याआधीच त्यांनी निर्णय घेतलेला असतो.

मग त्या निर्णयाचे अर्थ लावले जातात. पाळणा हलला नाही म्हणजे हिच्यातच काही दोष असणार, हा पहिला अर्थ. साधन वापरते हे कळले, तर दुसरा अर्थ त्याहून वाईट असतो. त्याच पाहणीत सुमारे वीस टक्के पुरुषांनी असे मत दिले की, गर्भनिरोधक वापरणारी स्त्री स्वैर वागण्याची शक्यता असते. आणि गर्भनिरोधन हे बायकांचे काम आहे, पुरुषाने त्याची काळजी करायला नको, असे मानणारे पुरुष ३५ टक्के होते. म्हणजे काम तिचेच, आणि ते तिने केले तर संशयही तिच्यावरच. नव्या नवऱ्याची स्थिती तुलनेने सोपी, पण तीही फार सुखाची नाही. औषधाच्या दुकानात बायकांचे गिऱ्हाईक संपेपर्यंत तो खोकल्याच्या औषधांच्या बाटल्या वाचत उभा राहतो आणि अखेर जे मागतो ते दुकानदार वर्तमानपत्रात असे गुंडाळून देतो की, त्या गुंडाळण्यावरूनच आत काय आहे ते सगळ्या दुकानाला कळते.

या सगळ्याला धर्माचा आधार दिला जातो, म्हणून धर्माकडे वळायला हवे. "अष्टपुत्रा सौभाग्यवती भव" हा आशीर्वाद आणि पितृऋण फेडण्यासाठी पुत्र हवा ही समजूत आपल्या परिचयाची आहे. पण ज्या परंपरेने हे दिले, तिच्याच बृहदारण्यक उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात, या स्त्रीला गर्भ राहू नये अशी पतीची इच्छा असेल तर त्याने काय करावे, याचा विधी दिलेला आहे आणि गर्भ राहावा यासाठीचा विधी त्याच्या लगेच पुढे येतो. त्या विधीचा परिणाम होत असेल असे एक डॉक्टर म्हणून मी अर्थातच म्हणणार नाही, आणि त्यात इच्छा फक्त पतीची आहे, पत्नीची विचारलेलीच नाही, हेही नजरेआड करता येत नाही. तरीही एवढे दिसते की, पतिपत्नींच्या संबंधात मूल नको असू शकते ही कल्पना त्या ग्रंथकारांना अब्रह्मण्यम् वाटली नव्हती. समर्थ रामदासांनी तर "लेंकुरें उदंड जालीं । तों ते लक्ष्मी निघोन गेली" असे रोखठोक लिहून ठेवले आहे. आपल्या सोलापूरचेच पाहा. सिद्धेश्वराच्या यात्रेत संक्रांतीच्या सुमारास ज्या विवाहावर आपण हजारो हातांनी अक्षता टाकतो, तो कुंभारकन्येचा सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी झालेला विवाह. त्या विवाहाला संततीची अट घालण्याचे आजवर कोणाला सुचलेले नाही.

मुस्लिम घरांतल्या स्त्रिया माझ्याकडे तांबी मागतात, ऑपरेशन क्वचितच. त्यामागे कारण आहे. कायमची नसबंदी बहुतेक उलेमांना, म्हणजे धर्मपंडितांना, मान्य नाही. तात्पुरत्या उपायाची गोष्ट वेगळी. पैगंबरांच्या काळात 'अझल' म्हणजे वीर्य बाहेर सोडण्याची रीत होती, असे हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या व आचरणाच्या नोंदींत, नमूद आहे, आणि मध्ययुगीन धर्मपंडित इमाम गझाली यांनी ती निषिद्ध नसल्याचे सांगताना पत्नीची प्रकृती व सौंदर्य टिकावे आणि पोरवडा वाढून ओढग्रस्ती होऊ नये, ही कारणे ग्राह्य धरली आहेत. त्यासाठी पत्नीची संमती हवी, असे बहुतेक फिकहशास्त्र्यांचे, म्हणजे इस्लामी कायद्याच्या जाणकारांचे, मत आहे. कॅथलिक चर्चने १९६८ च्या पोपच्या पत्रकात कृत्रिम साधने नाकारली, पण स्त्रीच्या चक्रातले दिवस पाहून अंतर ठेवण्यास मुभा दिली.

आधुनिक काळात हा वाद सर्वांत स्पष्टपणे महाराष्ट्रातच झाला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले आणि त्यापायी त्यांना विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी स्वतः मूल होऊ न देण्याचे ठरवले होते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. कर्व्यांना लोकसंख्येवरचा उपाय म्हणून मान देणे सोपे जाते; आपल्या सुखासाठी ठरवणारे जोडपे म्हणून त्या दोघांकडे पाहणे अवघड जाते. १९३५ च्या डिसेंबरात संततिनियमनाच्या अमेरिकी प्रचारक मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या, तेव्हाही पेच इथेच होता. कुटुंब लहान असावे हे गांधीजींना मान्य होते, उपाय मात्र संयम हाच. साधनांमुळे विवाहितांमधली वासनाच मोकाट सुटेल, अशी त्यांना धास्ती होती. आणि १९३८ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला गेला, तो सभागृहाने फेटाळला.

पुढे १९५२ मध्ये सरकारने कुटुंब नियोजन हाती घेतले आणि परवानगी देणारा आणखी एक वडीलधारा घरात आला. आणीबाणीतल्या सक्तीने तर पुरुष या विषयापासून कायमचे दूर पळाले. २०१९-२१ च्या त्याच पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी जेमतेम ०.३ टक्के जणींचे नवरे नसबंदी केलेले आढळले. खरे तर बिनटाक्याची पुरुष नसबंदी स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी असते. पोट उघडावे लागत नाही, भूल तेवढ्याच जागेपुरती, आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. "ताकद जाईल", "मागावर बसता येणार नाही" ही भीती निराधार आहे. फक्त वीर्यतपासणीत शुक्रजंतू नाहीत असे दिसेपर्यंत, म्हणजे साधारण तीन महिने, दुसरे साधन वापरावे लागते.

आता सहीबद्दल. नसबंदीच्या सरकारी नियमावलीत जोडीदाराची संमती आवश्यक नाही. १९७१ च्या गर्भपात कायद्यानेही सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी मानली आहे. तरीही एका रुग्णालयात माझ्या एका रुग्णाला "मिस्टरांना घेऊन या, त्यांची सही लागते" असे सांगून दोनदा परत पाठवण्यात आले होते. मिस्टर पुण्याला कंपनीत. तिसऱ्या वेळी दीर आला, त्याची सही चालली. जी सही कायद्याला लागत नाही ती नवऱ्याची नसली तरी चालते, पण कोणातरी पुरुषाची लागतेच.

ज्या सुनेच्या विडीकार्डापासून मी सुरुवात केली, ती दोन मुले झाल्यावर पुन्हा आली होती. या वेळी तिच्यासोबत सासूबाई नव्हत्या, नवरा होता, आणि तो बाहेर न थांबता आत येऊन बसला. शस्त्रक्रिया आपलीच व्हावी, असे त्याने ठरवले होते. सगळी माहिती नीट ऐकून घेतल्यावर त्याने एकच विचारले: "मॅडम, घरी हर्नियाचं झालं म्हणून सांगितलं तर चालेल का?" कागदावर मी खोटे लिहिणार नाही, घरी काय सांगायचे ते तुमचे तुम्ही पाहा, असे मी त्याला सांगितले. पुढच्या आठवड्यात सासूबाई रस्त्यात भेटल्या. मुलाचे हर्नियाचे ऑपरेशन नीट पार पडले म्हणून त्यांनी माझे आभार मानले, आणि मग आवाज खाली आणून विचारले, "आता सुनेचं कधी करायचं?"