पश्चिमेची भिंत कागदावर असतानाच

नमस्कार श्रोतेहो.

मे महिना. रात्रीचे साडेदहा वाजलेत. जेवणखाण आवरून तुम्ही पलंगावर टेकता आणि पाठ भिंतीला लागते. भिंत गरम! दिवस मावळून साडेतीन तास झाले, तरी भिंत अजून ऊन ओकतेय. उठून बघा, बहुतेक ती पश्चिमेची असेल.

माझं लहानपण शुक्रवार पेठेतल्या मातीच्या घरात गेलं. दोन फुटी भिंती, वर माळा आणि मंगळुरी कौलं, मागं परडं. पावसाळ्यात ते घर गळायचं, भिंतींना ओल यायची, आईचे हाल व्हायचे. पण उन्हाळ्यात भर दुपारी सोप्यात घोंगडं टाकलं की गाढ झोप लागायची. आता मी इमारतींचे आराखडे काढते आणि स्वतः राहते ती चौथ्या मजल्यावर, उघड्या स्लॅबखाली. म्हणून इमारत किती तापेल, वीज किती खाईल, याचा विचार आराखड्यातच करायचा, हा विषय मला जिव्हाळ्याचा आहे.

आपलं कोल्हापूर आता पेठांत मावत नाही. कळंबा, पाचगाव, उचगाव, उजळाईवाडी, जिकडं बघावं तिकडं घरं उठतायत. २०१७ मध्ये शहराभोवतालच्या ४२ गावांसाठी विकास प्राधिकरण झालं. येत्या काळात मोठमोठ्या वसाहती याच पट्ट्यात होणार. २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असलेल्या प्रकल्पाला आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. ती राज्य पातळीवरचं प्राधिकरण देतं. या अर्जात ऊर्जेचा एक स्वतंत्र भाग आहे आणि त्यातले प्रश्न अगदी मुद्द्याचे आहेत. वीज किती लागेल, कुठून येईल? दर चौरस फुटामागं किती वापर धरलाय? पूर्व-पश्चिमेच्या भिंतींवर आणि छतावर सावली कशी करणार? भिंतीतून, छतातून उष्णता किती आत येईल? काच कसली?

उत्तरं मात्र पुष्कळदा एकाच साच्यातली दिसतात: एलईडी दिवे बसवू, सौर पथदिवे लावू, ऊर्जा वाचेल. दिवे तर आज कुणीही एलईडीच घेतो. खरा प्रश्न इमारत कुठं तोंड करून उभी राहणार, हा आहे.

इथं थोडं सूर्याकडं बघू. कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दिवशी भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन फारसं पडतच नाही. तापतं ते छत, आणि सकाळ-संध्याकाळ तिरप्या उन्हानं पूर्व-पश्चिमेच्या भिंती. तेव्हा इमारतीच्या लांब बाजू दक्षिणोत्तर तोंडाच्या ठेवाव्यात, पश्चिमेला जिना, लिफ्ट, बाथरूम, डक्ट घ्यावेत, झोपायच्या खोल्या नकोत. याला एक रुपयाही जादा लागत नाही. फक्त हे कागदावर असतानाच करायला हवं. एकदा पायाचं फुटिंग भरलं की संपलं.

घरांसाठी केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोनं २०१८ मध्ये इको निवास संहिता आणली. छतातून किती उष्णता आत यावी, याची तिनं घातलेली मर्यादा १.२ आहे. एकक किचकट आहे, सोडून देते. पण नुसत्या उघड्या स्लॅबचा हाच आकडा तीनच्या वर जातो. वरच्या मजल्यावरच्या माणसाला तो तिथं झोपूनच कळतो.

मग एसी येतो. एक साधा हिशेब करू. चारशे फ्लॅटची वसाहत, प्रत्येक घरी एक एसी, तासाला सरासरी एक युनिट, रात्री आठ तास, उन्हाळ्याचे नव्वद दिवस. झाले २ लाख ८८ हजार युनिट. आपल्या देशातल्या विजेत एका युनिटमागं सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका वसाहतीच्या एका उन्हाळ्याचे दोनशे टन! भिंत आणि छत नीट असतं, तर यातले कितीतरी एसी आलेच नसते.

आणखी एक गोष्ट, आणि ती आपण कोल्हापूरकरांनी तरी विसरता कामा नये. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंपिंग स्टेशनं पाण्याखाली गेली. शहराभोवती पाणीच पाणी, आणि नळ कोरडे. असं असताना नव्या वसाहतीचा ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर तळघरात दाखवलेला आराखडा मी पाहिलाय. पूररेषेजवळच्या प्रकल्पात ही यंत्रणा किती उंचीवर आहे, हे ऊर्जेच्या भागातच तपासलं गेलं पाहिजे. तशीच सांडपाणी शुद्धीकरणाची यंत्रणा. ती अटीत असते, पण रात्रंदिवस वीज खाते. बिल परवडेना की सोसायटी ती बंद ठेवते, आणि घाण जाते पंचगंगेत.

या सगळ्यावर बोलायला जनसुनावणी होत असेल, असं तुम्हाला वाटेल. गृहप्रकल्पांना ती लागूच नाही. हे मला मनापासून खटकतं. तरीही काही वाटा उघड्या आहेत. मंजुरी मिळाल्याची जाहिरात वर्तमानपत्रात द्यावी लागते. मंजुरीचं पत्र केंद्राच्या परिवेश पोर्टलवर बघता येतं. अटी पाळल्याचा अहवाल दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो, आणि तो सार्वजनिक दस्तऐवज आहे.

म्हणून फ्लॅट बघायला जाल तेव्हा टाइल्स आणि मॉड्युलर किचन बघून झाल्यावर मंजुरीचं पत्र मागा, त्यातली ऊर्जेची अट वाचा. गच्चीवर स्लॅबवर काय घातलंय, ते विचारा. आणि शक्य असेल तर संध्याकाळी पाच वाजता जा. पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा.

नमस्कार.