चूक सांगायची कुणी?

मंडळी, विज्ञान बदलतं आणि धर्म बदलत नाही, हे आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की ते खरं आहे का, हे तपासायचंच राहून जातं. मॉर्मन, म्हणजे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत निघालेल्या एका ख्रिस्ती पंथाचे लोक, यांच्या बाबतीत तर ते साफ खोटं आहे. त्यांच्या तेरा श्रद्धावचनांतलं नववं असं की, देवाने आजवर जे प्रकट केलं ते आम्ही मानतो, आज करतो आहे तेही मानतो आणि पुढे तो आणखी पुष्कळ थोर गोष्टी प्रकट करील हेही मानतो. म्हणजे बदलाची सोय पायातच करून ठेवलेली आहे. तेव्हा माझा आजचा प्रश्न वेगळा आहे. आधीचं विधान चुकलं, हे म्हणायचा अधिकार कुणाला असतो? आणि एकदा म्हणून झालं की त्या जुन्या विधानाचं काय होतं?

त्यासाठी एकच विषय घेऊ. अमेरिका खंडात पहिली माणसं कुठून आणि कधी आली? यावर दोन्हीकडच्या लोकांनी भरपूर ठाम बोलून ठेवलेलं आहे.

या पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यातल्या पालमायरा गावी ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा पंथाचा धर्मग्रंथ छापून घेतला, तेव्हा ते अवघे चोवीस वर्षांचे होते. त्यातली कथा अशी : इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास लेही नावाचा गृहस्थ कुटुंबकबिला घेऊन जेरुसलेम सोडतो आणि समुद्रमार्गे नव्या खंडात पोचतो. मुलांत फूट पडते. नेफीच्या बाजूचे ते नेफाइट, लामानच्या बाजूचे ते लामानाइट. कित्येक शतकं लढाया चालतात, नेफाइट नामशेष होतात, लामानाइट उरतात. मग अमेरिकेतले आदिवासी कोण? तर लामानाइट. स्मिथ यांना याबद्दल संदेह नव्हता. त्याच वर्षीच्या एका प्रकटीकरणात, म्हणजे साक्षात देवाच्या वाणीत, प्रचारकांना लामानाइटांकडे जायची आज्ञा आहे, आणि ती मंडळी गेली ती मिझुरीच्या सीमेपलीकडे राहणाऱ्या डेलावेअर आदिवासींकडे.

या ग्रंथाच्या १९८१ च्या आवृत्तीला जोडलेल्या प्रस्तावनेत लिहिलं होतं की, लामानाइट हे अमेरिकन इंडियनांचे मुख्य पूर्वज होत. पुढच्या वीसेक वर्षांत आदिवासींच्या डीएनएचा अभ्यास झपाट्याने वाढला आणि बोट दाखवू लागला सायबेरियाकडे, ईशान्य आशियाकडे. पश्चिम आशियाचा मागमूस नाही. २००६ साली एका बाहेरच्या प्रकाशनाने काढलेल्या आवृत्तीत ते वाक्य बदललेलं दिसलं : लामानाइट हे अमेरिकन इंडियनांच्या पूर्वजांपैकी आहेत. ‘मुख्य’ गेलं, ‘पैकी’ आलं. पुढे मॉर्मन चर्चच्या स्वतःच्या आवृत्तीतही तसंच छापलं गेलं.

प्रस्तावना म्हणजे धर्मग्रंथ नव्हे, असं चर्चचे समर्थक म्हणतात, आणि ते खरंच आहे. शिवाय चर्चच्या सर्वोच्च मंडळातले अँथनी आयव्हिन्स १९२९ सालीच जाहीर सभेत बोलून गेले होते की, लेहीच्या मंडळींआधी इथे कुणी नव्हतं असं ग्रंथ कुठेही म्हणत नाही. तेव्हा ‘डीएनएने पकडलं म्हणून पळवाट काढली’ एवढंच म्हणणं अन्यायाचं होईल. २०१४ साली चर्चने डीएनएवर एक लेखच प्रसिद्ध केला. लहानसा गट मोठ्या लोकसंख्येत मिसळला तर त्याच्या जनुकीय खुणा काही पिढ्यांत पुसल्या जाऊ शकतात, हा त्यातला मुद्दा जनुकशास्त्राच्या दृष्टीने चुकीचा नाही. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. आता कुठलाच डीएनए हा दावा खोटा ठरवू शकत नाही, आणि म्हणून कुठलाच डीएनए तो खराही ठरवू शकत नाही.

विज्ञानाची बाजू फार सोज्वळ होती असं समजू नका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्मिथसोनियन संस्थेत अलेश हर्डलिच्का नावाचे बडे मानववंशशास्त्रज्ञ होते. माणूस अमेरिकेत येऊन काही हजार वर्षंच झाली, हे त्यांचं मत. कुणी जुनं हाड आणलं की ते मोडीत काढायचे. त्यांचा दरारा असा की तरुण संशोधक बोलायला कचरत. पण न्यू मेक्सिकोत फॉल्सम गावाजवळ १९०८ च्या पुरानंतर जॉर्ज मॅक्जंकिन यांना एका ओढ्याच्या काठात मोठाली हाडं दिसली. मॅक्जंकिन हे गुलामगिरीत जन्मलेले कृष्णवर्णीय गुराखी. या हाडांकडे कुणीतरी जाणकाराने बघावं म्हणून त्यांनी खूप खटपट केली. १९२२ साली ते वारले, तोवर कुणी फिरकलं नाही. १९२७ साली तिथेच, हिमयुगाअखेर नामशेष झालेल्या गव्याच्या फासळ्यांत रुतलेलं दगडी पातं सापडलं. खोदणाऱ्यांनी ते उपसलं नाही. तारा केल्या : या आणि जागेवर बघा. बघायला आलेल्यांत पुरातत्त्वज्ञ आल्फ्रेड किडर होते. हे नाव लक्षात ठेवा. पातं पाहिल्यावर हर्डलिच्का यांच्या मताला कुणाच्या परवानगीची गरज उरली नाही, ते पडलं.

त्यानंतर ‘क्लोव्हिस’ या दगडी हत्यारांवरून ओळखल्या जाणाऱ्या संस्कृतीची तेरा हजार वर्षं, त्याआधी इथे माणूस नाही, ही नवी भिंत झाली आणि तिलाही तितकेच कडवे पहारेकरी मिळाले. चिलीतल्या मॉन्टे व्हर्दे इथे टॉम डिलहे १९७७ पासून खोदत होते. त्यांनी काढलेला, क्लोव्हिसच्याही आधीचा काळ मान्य व्हायला १९९७ उजाडलं, तेही शंकेखोरांना प्रत्यक्ष जागेवर नेल्यानंतर. आणि वाद त्यानेही पुरता मिटला नाही. २०२१ साली न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सला एकवीस ते तेवीस हजार वर्षांपूर्वीच्या पाऊलखुणा जाहीर झाल्या. लगेच हरकत आली : तुम्ही ज्या बियांवरून काळ काढला ती पाणवनस्पती आहे, पाण्यातला जुना कार्बन शोषते, म्हणून आहे त्यापेक्षा जुनी भासते. मग त्याच मंडळींनी सूचिपर्णी झाडांचे परागकण आणि गारगोटीचे कण तपासले आणि २०२३ साली तोच काळ पुन्हा मांडला. हरकत घेणाऱ्याला कुणी संघटनेतून काढलं नाही. हरकत आणि उत्तर, दोन्ही छापील आहेत, कुणीही वाचावं.

(आपण फार हसायचं कारण नाही. २०१९ साली डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या गटाने राखीगढी या हडप्पाकालीन स्थळावरच्या एका सांगाड्याचा डीएनए प्रसिद्ध केला, तेव्हा आपल्याकडे तो निबंध न वाचताच किती जणांना त्यात आपल्याला हवं ते सापडलं, हे आठवा.)

पण धर्माकडे एक गोष्ट आहे जी विज्ञानाकडे नाही : तारीख. कृष्णवर्णीय पुरुषांना मॉर्मन पौरोहित्य नाही, असं स्मिथ यांच्यानंतरचे चर्चचे अध्यक्ष ब्रिगहम यंग यांनी १८५२ साली जाहीर केलं. १९४९ साली सर्वोच्च मंडळाने लेखी सांगितलं की, हा धोरणाचा प्रश्न नाही, परमेश्वराची थेट आज्ञा आहे. आणि जून १९७८ मध्ये अध्यक्ष स्पेन्सर किंबल यांनी प्रकटीकरण झाल्याचं कळवलं, बंदी उठली. एका पत्रात सव्वाशे वर्षं संपली. विज्ञानात एखादं मत एवढ्या झटक्यात कधी जात नाही. दोन महिन्यांनी चर्चचे एक ज्येष्ठ नेते ब्रूस मकॉन्की यांनी भाषणात सांगितलं की, या नव्या प्रकाशाच्या विरुद्ध मी किंवा ब्रिगहम यंग यांनी जे काही म्हटलं असेल ते विसरून जा. या मनमोकळेपणाचं मला कौतुक वाटतं. पण ‘विसरा’ हा शब्द खटकतो. थेट आज्ञा होती, तर ती चुकली कशी? नव्हती, तर १९४९ च्या सह्या कशावर होत्या? २०१३ च्या लेखात चर्चने बंदीच्या समर्थनार्थ सांगितलेल्या जुन्या उपपत्ती नाकारल्या, पण बंदी मुळात देवाची होती की माणसांची, याचं सरळ उत्तर त्यात नाही. ते देताही येत नाही, कारण उगम चुकू शकतो असं एकदा म्हटलं की पुढच्या प्रकटीकरणाचं काय करायचं?

मॉर्मन माणूस साक्ष देताना ‘माझा विश्वास आहे’ एवढ्यावर थांबत नाही, ‘मला ठाऊक आहे’ असं म्हणतो. हे ठाऊक असणं चर्चशी बांधलेलं आहे, एकेका विधानाशी नाही. म्हणून विधानं बदलली तरी साक्ष तशीच राहते.

आता किडर यांच्याकडे येतो. टॉमस स्टुअर्ट फर्ग्युसन नावाचे कॅलिफोर्नियातले श्रद्धाळू मॉर्मन वकील होते. ग्रंथातली शहरं मेक्सिकोत सापडतीलच, अशी त्यांची खात्री. प्रार्थनेवर न थांबता त्यांनी १९५२ साली उत्खननासाठी संस्था काढली आणि नामवंत पुरातत्त्वज्ञांना बोलावलं. त्यांत फॉल्समचे किडर होते, जे मॉर्मन नव्हते. चर्चने पैसा दिला. चियापासमध्ये वर्षानुवर्षं काटेकोर खोदकाम झालं आणि त्याचे अहवाल आजही मध्य अमेरिकेचे अभ्यासक वापरतात. १९७५ साली फर्ग्युसन यांनी ग्रंथातल्या गोष्टी एकेक घेऊन जमिनीतल्या पुराव्याशी ताडून पाहिल्या : गहू, द्राक्षं, घोडे, धातुकाम, लिपी. जुळत नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं. १९८३ साली ते वारले, तेव्हाही ते चर्चचे सभासदच होते.