मुंबईत थंडीची फुलं कधी लावायची?

मंडळी, परदेशी बियाण्याच्या पाकिटामागचा तक्ता तुम्ही वाचला असेल. वसंतात शेवटचं हिम (गोठलेलं दव) पडायच्या आधी इतके आठवडे बी पेरा, असं त्यात असतं. आता पार्ल्याच्या बाल्कनीत बसून हे हिम कुठून आणायचं? महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले तरी आपल्याकडे त्याची बातमी होते. सांताक्रूझचा नीचांक ७.४ अंश, तोही २२ जानेवारी १९६२चा.

पॅन्सी, स्नॅपड्रॅगन, स्वीट पी ही झाडं थंडीत पेशींमधली साखर वाढवतात, त्यामुळे आतलं पाणी सहजासहजी गोठत नाही. मुंबईत हा गुण वायाच जातो. इथे त्यांना मारतो तो उकाडा. म्हणून आपली तारीख ठरते फेब्रुवारीअखेरवरून. पूर्वेचे कोरडे वारे सुटले आणि खारा वारा दुपारी उशिरा आला, की पारा चढलाच. २५ फेब्रुवारी १९६६ला सांताक्रूझला ३९.६ अंश होते! अशा हवेत पॅन्सीची फुलं बटणाएवढी होतात, देठ लांबतात, खेळ आटोपतो.

तिथून मागे मोजा. पॅन्सीला बी ते फूल तीन-सव्वातीन महिने लागतात. महिनाभर तरी फुलं बघायची असतील, तर ऑक्टोबरचा तिसरा आठवडा उलटल्यावर बी पेरण्यात अर्थ नाही.

आणि गोची नेमकी तिथेच आहे. पाऊस परतला की ऑक्टोबर हीट सुरू. पॅन्सीचं बी १८ ते २२ अंशांत छान रुजतं, तिशीच्या आसपास बहुतेक वाया जातं. त्यामुळे ट्रे सरळ एसीच्या खोलीत ठेवा. घरचे हसतील, हसू द्या. पॅन्सीचं बी कोकोपीटनं (नारळाच्या काथ्याच्या भुशानं) झाकून वर वर्तमानपत्र टाका, त्याला अंधार लागतो. स्नॅपड्रॅगनचं बी उजेड मागतं, ते नुसतं वर भुरभुरवायचं. रोज कागद उचलून बघा. पांढरे कोंब दिसले की त्याच दिवशी ट्रे खिडकीत. एक दिवस राहिला तरी कोंब उंच, फिकट होऊन लोळतात. पाणी वरून घालू नका. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवा, वरची माती ओलसर झाली की उचला. नाहीतर रोपं बुडाशी काळी पडून आडवी होतात.

कुंडीत कधी हलवायची? दुपारचा पारा बघू नका. रात्रीचं तापमान आठवडाभर विशीच्या खाली राहिलं की हलवा. बोरिवलीत नॅशनल पार्कच्या कडेला हे लवकर होतं. कुलाब्याला समुद्र रात्र गार होऊ देत नाही, तिथे डिसेंबर सरत येतो. तेव्हा कुलाबेकरांनी बोरिवलीच्या मेव्हण्याचं बघून घाई करू नये; रोपं छोट्या कपांत, सावलीत थांबवावीत.

एवढा खटाटोप नको असेल तर नर्सरीतून तयार रोपं आणा, पण दिवाळीच्या खरेदीत नको, डिसेंबरात. कळ्या असलेली, अजून न फुललेली निवडा. जानेवारीअखेर फुलांनी लगडलेली कुंडी घेतलीत तर जेमतेम महिनाभराच्या फुलांसाठी पैसे मोजताय, हे धरून चाला.

स्वीट पीचा नाद मात्र मुंबईत सोडा. तिच्या बऱ्याच जातींना फुलायला मोठा दिवस हवा आणि मुळाशी गारवा. आपल्याकडे दिवस मोठा होतो तेव्हा गारवा गेलेला असतो. तेवढ्या जागेत पिटुनिया लावा, ती मार्चची झळही थोडीफार सोसते.