गोळीच्या आधी डबी

(दृश्य: सकाळची गर्दी. दादर स्थानक, महिलांचा डबा.)

कल्याणहून साडेसहाची लोकल पकडणारी बाई ऑफिसात पोहोचेपर्यंत लघवीला जात नाही. स्थानकावरचं स्वच्छतागृह घाण असतं, नाहीतर त्याला कुलूप असतं. मग पाणीच कमी प्यायचं आणि दाबून ठेवायचं. मुंबईतल्या संस्था २०११ पासून ‘राइट टू पी’ या नावाने या हक्कासाठी भांडत आहेत, ते उगाच नाही. मूत्राशय वेळेवर रिकामं झालं नाही, की आत शिरलेल्या जंतूंना वाढायला सवड मिळते. शिवाय बाईची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटर, पुरुषाची साधारण २०. जंतूंना फार चालावं लागत नाही.

यातूनच लघवीचा संसर्ग होतो. लघवीला जळजळ, म्हणजे उन्हाळी लागली म्हणून आधी धन्या-जिऱ्याचं पाणी होतं. उतार पडला नाही, की कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून ‘मागच्या वेळची ती गोळी’ येते, म्हणजे अँटिबायोटिक. खरी अडचण तिथेच सुरू होते.

(दृश्य: परळमधली एक प्रयोगशाळा. नमुने घेण्याची खिडकी.)

“मावशी, कुठली गोळी घेतलीत का?” खिडकीवरची ताई आधी हेच विचारते. एक-दोन डोस जरी पोटात गेले असले, तरी लघवीतले जंतू वाढवून पाहायच्या प्लेटवर काहीच उगवत नाही, असं होऊ शकतं. रिपोर्ट कोरा आणि जळजळ तशीच.

“पहिली धार सोडून द्या, मधली डबीत घ्या. झाकणाच्या आतून बोट लावू नका.”

डबी दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचायला हवी, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवायला हवी. मुंबईच्या उकाड्यात ती टेबलावर राहिली, तर बाहेरून पडलेले थोडेसे जंतूही भराभर वाढतात आणि रिपोर्ट खोटं बोलतो.

(दृश्य: लूप, बर्नर, हिरवट प्लेट.)

या बारीक लूपमध्ये, म्हणजे तारेच्या कडीत, १ मायक्रोलिटर लघवी मावते, मिलिलिटरचा हजारावा भाग. ती प्लेटवर ओढायची आणि रात्रभर ३७ अंशांवर ठेवायची. सकाळी दिसणारा प्रत्येक ठिपका म्हणजे मिलिलिटरमागे १,००० जंतू. १०० ठिपके, म्हणजे १ लाख; एवढे असले, की सहसा संसर्ग धरतात. मात्र त्रास होत असलेल्या बाईच्या बाबतीत याहून कमी आकडाही दुर्लक्षून चालत नाही.

ही ‘क्लेड’ माध्यमाची, म्हणजे जंतूंच्या खाद्याची प्लेट. दुधातली साखर पचवणारे जंतू तिला पिवळं करतात. ई. कोलाय पिवळा उगवतो. क्लेबसिएला हा दुसरा जंतूही पिवळाच, पण चिकट, शेंबडासारखा. खात्रीसाठी, जंतू इंडोल नावाचा पदार्थ बनवतो का, याची चाचणी नळीत लावतात. कोवॅकच्या द्रावाचे थेंब पडले आणि वर लाल कडं आलं, की कौल ई. कोलायकडे झुकतो. लघवीच्या संसर्गात बहुतेक वेळा तोच सापडतो.

(दृश्य: काळ्या रेघांच्या कार्डासमोर धरलेली नळी.)

आता मोलाचं काम: या जंतूवर कुठलं औषध चालतं, ते पाहायचं. जंतूंचं पाणी ठरावीक गढूळ हवं, गढूळपणाच्या मापात ०.५ मॅकफारलंड. तंत्रज्ञ ही नळी आणि मापाची नळी शेजारी धरते आणि पलीकडच्या रेघा सारख्याच अंधूक दिसतात का, ते पाहते. मग म्युलर-हिंटन आगर या दुसऱ्या माध्यमाच्या प्लेटवर त्या पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा तीन दिशांनी फिरतो आणि औषधांच्या ६ मिलिमीटरच्या चकत्या बसतात. बसलेली चकती हलवायची नाही. औषध लगेच पसरायला लागतं. ही कर्बी-बाउअर पद्धत १९६६ साली प्रसिद्ध झाली.

दुसऱ्या दिवशी, औषधाने जंतू उगवू दिले नाहीत तिथे, चकत्यांभोवती मोकळी वर्तुळं दिसतात. आता पट्टी लावायची. नायट्रोफ्युरँटॉइन: २० मिलिमीटर. सिप्रोफ्लॉक्सॅसिन: जंतू चकतीला भिडलेले, वर्तुळच नाही. या रुग्णाची ‘मागच्या वेळची गोळी’ हीच होती.

इथे अनेकांची गल्लत होते. मोठं वर्तुळ म्हणजे चांगलं औषध, असं नसतं. औषध चालेल म्हणायला नायट्रोफ्युरँटॉइनला १७ मिलिमीटर पुरतात, सिप्रोफ्लॉक्सॅसिनला २६ लागतात. प्रत्येक औषधाची रेघ वेगळी, म्हणून निव्वळ नजरेने निकाल देता येत नाही.

हा हट्टी जंतू आला कुठून? बहुधा त्याच बाईच्या आतड्यातून. ई. कोलाय तिथलाच रहिवासी. सर्दी-पडशासाठी घेतलेलं अँटिबायोटिक विषाणूचं काहीच बिघडवत नाही; आतड्यातले कच्चे जंतू मारतं आणि चिवट तेवढे मागे ठेवतं. त्यातले काही आपली प्रतिकाराची जनुकं शेजारच्या जंतूला देऊनही टाकतात.

(दृश्य: डॉक्टरांचं टेबल, रिपोर्ट.)

रिपोर्ट आला तरी डॉक्टर विचारतात, “ताप आहे? कंबरेच्या वर दुखतं?” कारण नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयात पुरतं, मूत्रपिंडात नाही. ताप-थंडी असेल, तर दुसरं औषध लागतं, आणि तेही रिपोर्ट हाती येण्याआधीच सुरू करावं लागतं. अशा वेळी डॉक्टर कशाच्या आधारे ठरवतात? वर्षभरातल्या अशाच प्लेटांची बेरीज करून प्रयोगशाळा एक तक्ता बनवते, त्याला अँटिबायोग्राम म्हणतात. आपल्या भागात कुठल्या औषधाला किती जंतू दाद देतात, ते त्यात दिसतं. आज मोजलेले हे २० मिलिमीटरही त्यात धरले जातील.