टूसॉनमधला बंद पाडलेला वर्ग

हे टूसॉन. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातलं वाळवंटी शहर. मेक्सिकोची सरहद्द इथून दक्षिणेला सुमारे शंभर किलोमीटरवर. १८५४ पर्यंत ही जमीनच मेक्सिकोची होती. अमेरिकेनं ती विकत घेतली आणि इथली कुटुंबं जागची न हलता दुसऱ्या देशात गेली. मेक्सिकन वंशाचे अनेक अमेरिकन स्वतःला अभिमानानं चिकानो म्हणवतात.

शाळेत मात्र त्यांच्या मुलांना आपली माणसं कुठं भेटत नसत. या भागातल्या कित्येक शाळांत स्पॅनिश बोललं म्हणून मुलांना मार बसे. मार्च १९६८ मध्ये शेजारच्या कॅलिफोर्नियात, पूर्व लॉस एंजेलिसमधले हजारो चिकानो विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले. आमचा इतिहास शिकवा, आम्हाला नुसतं हातकामाकडे ढकलू नका, कॉलेजची वाट दाखवा, हे त्यांचं मागणं होतं.

तीस वर्षांनी, १९९८ मध्ये, टूसॉनच्या सरकारी शाळांनी एक अभ्यासक्रम सुरू केला : मेक्सिकन अमेरिकन स्टडीज. साहित्य, अमेरिकेचा इतिहास, राज्यशास्त्र हे विषय नेहमीचेच. पण ते चिकानो लेखकांच्या आणि चिकानो समाजाच्या अनुभवातून शिकवायचे. तासाच्या सुरुवातीला मुलं एक छोटी कविता स्पॅनिश आणि इंग्रजीत म्हणत. समोरचा माणूस हे माझंच दुसरं रूप आहे, असं सांगणारी. काही मुलं आपल्याच शाळेतल्या अडचणींचा अभ्यास करत, मुलाखती घेत, आणि निघालेले निष्कर्ष थेट अधिकाऱ्यांपुढे मांडत. सोळा-सतरा वर्षांची मुलं! आपल्या शब्दाला किंमत आहे, हे त्यांना तिथं कळत होतं.

आणि परीक्षेचं काय? ॲरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ ते २०११ या वर्षांतल्या विद्यार्थ्यांची आकडेवारी तपासली. या वर्गांत येणारी मुलं सुरुवातीला इतरांपेक्षा मागे होती. गुण कमी, परीक्षेतलं यशही कमी. तरीही आधी राज्याच्या परीक्षेत नापास झालेल्या मुलांमध्ये, हे वर्ग केलेली मुलं नंतर पास होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त दिसली. शालेय शिक्षण पूर्ण करण्यातही ती पुढे होती. हा तास लाड पुरवण्यासाठी नव्हता. तिथं खरा अभ्यास होत होता.

राजकारण्यांना तो खुपला. २०१० मध्ये ॲरिझोनानं कायदा केला : एखाद्या वंशाबद्दल किंवा समाजगटाबद्दल रोष पसरवणारे, किंवा एकाच वांशिक गटासाठी आखलेले वर्ग चालणार नाहीत. राज्याचे शिक्षणप्रमुख जॉन हपेनथॉल यांनी स्वतःच एक तपासणी करवून घेतली. कायदा मोडल्याचा पुरावा तपासनिसांना सापडला नाही. हपेनथॉल यांनी तो अहवालच मानला नाही.

एप्रिल २०११. शाळा मंडळाच्या बैठकीत विद्यार्थ्यांनी सदस्यांच्या खुर्च्यांना स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतलं. बैठक होऊ शकली नाही. पण सरकारी अनुदानाचे कोट्यवधी डॉलर कापण्याची टांगती तलवार होती, आणि जानेवारी २०१२ मध्ये मंडळानं अभ्यासक्रम गुंडाळला. पुस्तकं वर्गांतून खोक्यांत भरून नेली. शिकणाऱ्या मुलांच्या समोरून पुस्तकं उचलून नेणं, याला कुठल्याही देशात शिक्षण म्हणता येत नाही.

विद्यार्थी कोर्टात गेले. ऑगस्ट २०१७ मध्ये न्यायाधीश वॉलेस ताशिमा यांनी निकाल दिला : हा कायदा करण्यामागे आणि राबवण्यामागे वांशिक आकस होता, आणि त्यानं विद्यार्थ्यांच्या घटनात्मक हक्कांचा भंग झाला. ताशिमा यांचं कुटुंब जपानी वंशाचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारनं जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, त्यात लहानगे ताशिमाही होते. त्यांची छावणी पोस्टनची, याच ॲरिझोनातली.

निकाल लागेपर्यंत, वर्ग बंद पडले तेव्हा त्यात बसलेली मुलं शाळा सोडून कधीच पुढे गेली होती. जुना अभ्यासक्रम त्या रूपात परतला नाही. मात्र वांशिक विभागणी मिटवण्याच्या जुन्या खटल्यात संघराज्याच्या न्यायालयानं घातलेल्या अटींमुळे टूसॉनच्या शाळांत मेक्सिकन अमेरिकन दृष्टिकोनातून इतिहास आणि साहित्य शिकवणारे वर्ग २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाले.