थेंब थेंब जवस

(पहाट. निळ्या फुलांचं शेत, मग क्लोज-अप)

ही फुलं आत्ताच बघून घ्या, कारण दुपारपर्यंत यातली बहुतेक खाली पडलेली असतील. जवसाचं फूल सकाळी उमलतं आणि ऊन चढलं की गळायला लागतं. पाच पाकळ्या, इतक्या पातळ की आरपार उजेड दिसतो. कोणी जवस म्हणतं कोणी अळशी, झाड एकच. कार्ल लिनियसने 1753 साली याला जे लॅटिन नाव दिलं, लायनम युसिटाटिसिमम, त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच आहे 'अतिशय उपयोगी'. खोडापासून धागा मिळतो, त्याचं लिनन होतं, पण तो वेगळा व्हिडिओ होईल. आपल्याला दाणा हवाय, त्यातल्या तेलासाठी.

(वाळलेली बोंडं हातावर चुरडताना)

एका बोंडात जास्तीत जास्त दहा दाणे. चपटे, गुळगुळीत, तपकिरी, काही जातींत सोनेरी.

(हॉपरमध्ये दाणे ओतताना. म्युझिक बंद, फक्त आवाज)

हा आवाज ऐका. दाणे इतके निसरडे असतात की ओतताना पाण्यासारखे वाहतात, आणि यांच्या वजनात साधारण 40 टक्के तेल असतं. म्हणजे दहा किलो दाण्यात चार किलोच्या आसपास तेल दडलेलं आहे. पण ते सगळं बाहेर येत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

(स्क्रू प्रेस, बाजूने)

मधला स्क्रू फिरतो, दाणा पुढे ढकलला जातो, जागा कमी कमी होत जाते आणि दाण्याला पळायला वाव राहत नाही. बाजूच्या बारीक भोकांतून तेल पाझरतं, पुढच्या नोझलमधून पेंड बाहेर येते, दोरीसारखी लांबच लांब आणि मग आपल्याच वजनाने तुटते. हा शॉट आम्ही कितीतरी वेळ नुसता चालू ठेवला होता, एडिटिंगमध्ये पण कापवला नाही.

आता थर्मामीटरकडे बघा. दाबाने आणि घर्षणाने प्रेस आपोआप तापतो. कोल्ड प्रेस म्हणजे बर्फात ठेवून काढलेलं तेल नव्हे, तर तापमान साधारण 50 अंशांच्या आत ठेवून, घाई न करता काढलेलं. दाणे आधी भाजून घेतले, प्रेस जास्त तापवला तर तेल जास्त निघतं. मोठ्या कारखान्यात पेंडेत उरलेलं तेलही हेक्सेन नावाच्या सॉल्व्हंटने धुऊन काढतात, मग ते हेक्सेन उडवून लावतात आणि तेल रिफाइन करतात. इथे तसं काही नाही. इथे पेंडेत थोडं तेल राहून जातं आणि ते राहू द्यायचं असतं.

(थेंब, स्लो मोशन)

एवढी काळजी का, तर या थेंबातलं निम्म्याहून जास्त तेल म्हणजे अल्फा लिनोलेनिक अॅसिड, थोडक्यात एएलए, वनस्पतीतलं ओमेगा-3, म्हणजे शरीराला लागणारी एक प्रकारची चरबी. त्याच्या रेणूत 18 कार्बनची साखळी आणि त्यात तीन ठिकाणी दुहेरी बंध, आणि ऑक्सिजन नेमका त्याच भागावर हल्ला करतो. म्हणूनच तैलचित्रांच्या रंगात शतकानुशतकं हेच तेल वापरलं गेलं, कारण ते नुसतं वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, कॅनव्हासवर कायमचं बसतं. चित्रकाराला पाहिजे तेच, पण खाणाऱ्याच्या बाटलीत हेच सुरू झालं की तेल कडू, खवट. (आणि हो, रंगकामाला मिळणारं 'बॉइल्ड' जवस तेल खायचं नसतं, त्यात लवकर वाळावं म्हणून धातूंची संयुगं घातलेली असतात.)

(काळपट काचेची बाटली, तेल भरताना)

तेल निवळू द्यायचं, गाळ खाली बसला की वरचं हळूच काढायचं, गडद रंगाच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरायचं म्हणजे आत हवा कमी राहते. काही जण नायट्रोजन पण सोडतात. मग फ्रिज. उघडल्यावर साधारण सहा ते आठ आठवड्यांत संपवायचं, आणि तळणीला तर अजिबात नाही, साधारण 107 अंशांवरच याचा धूर व्हायला लागतो. गार किंवा कोमट अन्नावर वरून घ्यायचं. बाटलीवर तेल काढल्याची तारीख नसेल तर ती परत ठेवून द्या, हे माझं स्पष्ट मत.

(चमचा, जवळून)

एका मोठ्या चमच्यात साधारण 7 ग्रॅम एएलए. दिवसाला पुरेसं मानलं जाणारं प्रमाण पुरुषांना 1.6 ग्रॅम आणि बायकांना 1.1 ग्रॅम आहे, म्हणजे छोटा चमचासुद्धा पुष्कळ झाला.

आता हृदयाचं, कारण ओमेगा-3 हृदयाला चांगलं असं म्हणतात. शरीर या एएलएचा थोडाच भाग माशांमधल्या ओमेगा-3 मध्ये बदलू शकतं. 2013 मध्ये आलेल्या एका चाचणीत पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या 110 जणांपैकी ज्यांना सहा महिने रोज 30 ग्रॅम दळलेलं जवस दिलं त्यांचं वरचं बीपी बाकीच्यांपेक्षा सुमारे 10 ने कमी राहिलं, पण ते अख्खं दळलेलं बी होतं, फायबर आणि लिग्नान (बीमधलं एक वनस्पती-संयुग) यांच्यासकट, तेल नव्हे. आणि 2010 च्या अल्फा ओमेगा चाचणीत, आधी हार्ट अॅटॅक येऊन गेलेल्या 4,837 जणांमध्ये, मार्गारिनमधून (लोण्यासारखा, तेलापासून केलेला पदार्थ) रोज सुमारे 2 ग्रॅम एएलए देऊनही एकूण हृदयविकाराच्या घटनांमध्ये ठोस फरक दिसला नाही. त्यामुळे चालू गोळ्या बंद करायच्या नाहीत, रक्त पातळ करणारं औषध असेल तर चमचा उचलायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं.

(पेंडेचे तुकडे, ट्रेमध्ये)

ते लिग्नान आणि फायबर कुठे गेलं? हे काय, इथे. बहुतेक सगळं पेंडेतच राहिलंय आणि पेंड चालली जनावरांच्या पोटात, त्यांची चंगळ.

(संध्याकाळ. मशीन पुसताना)

शेवटचं काम. मशीन पुसलेली तेलकट फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नसतात, ऑक्सिजन शोषता शोषता ती आतून तापतात आणि कधीकधी आपोआप पेट घेतात. म्हणून एकेक फडकं झटकून, मोकळ्या हवेत, दोरीवर वेगवेगळं.

(दोरीवरची फडकी, वारा. निवेदन नाही)